माझ्यामागून म्हणा

भाषेचं नाव सांगत नाही. गुपित म्हणून नव्हे. त्या नावाचं स्पेलिंग तीन तऱ्हेनं करतात आणि त्यातलं कुठलंही एक लिहिलं की उरलेल्या दोन पक्षांकडून मेल येतात. देवनागरीत लिहिलं तर चौथा पक्ष निघेल आणि त्यात मी एकटीच असेन. तेव्हा एवढंच सांगते, की ॲमेझॉनला मिळणाऱ्या एका नदीच्या काठावर ही भाषा बोलतात, बोलणारी माणसं आता थोडी उरली आहेत, आणि त्यांतल्या एक बाई ओहायोतल्या डब्लिनमध्ये, आमच्या घरापासून गाडीनं सात मिनिटांवर राहतात.

त्यांची मुलगी इथे नर्स आहे. वडील गेल्यावर तिनं आईला इकडे आणलं, त्याला चार वर्षं झाली. मी त्यांना मावशी म्हणते. पहिल्या दिवशी मी त्यांच्याकडे हात करून ‘मावशी’ म्हटलं, तर त्यांनी लगेच माझ्याकडे हात करून ‘मावशी’ म्हटलं. तेव्हापासून आम्ही दोघी एकमेकींच्या मावशी आहोत. मला ते फार गोड वाटलं होतं. त्यात धोक्याची सूचना होती, हे कळायला आठ महिने लागले.

आता माझ्याविषयी. मी नवऱ्याच्या नोकरीमागून या देशात आले आणि सतरा वर्षं इथल्या मंडळाच्या रविवारच्या मराठी शाळेत शिकवलं. शिकवलं म्हणजे उच्चार शिकवले. बाकीच्या बायका मुलांना गाणी शिकवायच्या, किल्ले करायला लावायच्या. माझ्या वर्गात चमच्यातला च आणि चहातला च वेगळा निघाल्याशिवाय कोणाला खाऊ मिळत नसे. माझी पद्धत सोपी होती. मी म्हणणार, मुलं माझ्यामागून म्हणणार, तीनदा. पालक माझं कौतुक करत आणि मुलं पुढच्या वर्षी फुटबॉलला जात. नाकानं कांदे सोलणारी बाई, असं माझ्याविषयी म्हणतात हे मला ठाऊक होतं. पण सोलताना निदान अनुनासिक तरी नीट यायचं.

शाळा सोडल्यावर घरात बसून मी टीव्हीवरच्या निवेदकांच्या चुका काढत असे. त्यातून मला सांगलीच्या मुलीनं सोडवलं. ती सांगलीहून इंजिनिअरिंग करून आलेली, इथल्या युनिव्हर्सिटीत माणसाच्या आवाजावर पीएचडी करते आणि रविवारी आमच्याकडे जेवायला असते. तिच्या प्रोफेसरबाईंना शब्द रेकॉर्ड करायला कोणीतरी हवं होतं. त्या भाषेतले आवाज तिथल्या अमेरिकन मुलांना ऐकूच येत नव्हते, मग लिहिणार काय?

“काकू, तुम्हीच करा हे,” ती म्हणाली. “त्यांना कान पाहिजे, आणि तुमच्याकडे तेवढंच आहे.” तिला वाईट म्हणायचं नव्हतं.

प्रोफेसरबाईंनी मला ऑफिसात बसवून तीन शब्द ऐकवले आणि म्हणून दाखवायला सांगितलं. मी म्हटले. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, की असा कान त्यांना वीस वर्षांत भेटला नव्हता, हा सोन्याचा कान आहे. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. त्यानं विचारलं, कुठला, डावा की उजवा.

खरं सांगायचं तर त्यात अवघड काही नव्हतं, निदान मला वाटलं नाही. त्या भाषेत शब्दाच्या मध्ये घसा क्षणभर बंद होतो. आपण ‘अंहं’ म्हणताना होतो तसाच. स्वर नाकातून जातात, त्याला आपल्याकडे चंद्रबिंदू आहे. एक स्वर इ आणि उ यांच्या मधला आहे, तो मला दोन दिवसांत आला. आणि एक व्यंजन असं, की प्रोफेसरबाई त्याला कधी र म्हणायच्या, कधी ल, कधी ड. मी पहिल्यांदा ऐकलं आणि मला हसूच आलं. अहो, हा तर आपला ळ. वीस वर्षं ही बाई त्या नदीवर जाऊन येते, आणि तिला ळ माहीत नाही. त्या दिवशी मला आपल्या वर्णमालेचा इतका अभिमान वाटला, की येताना गाडीत मी ती क पासून ज्ञ पर्यंत मोठ्यानं म्हटली.

काम असं होतं. मावशींच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी चित्रांची कार्डं ठेवायची. मडकं, कुत्रा, नदी, आग. मावशींनी शब्द सांगायचा आणि मग बटण दाबून तो त्यांच्याकडून तीनदा म्हणवून घ्यायचा. बोलायला आमच्यात सामाईक भाषा नव्हतीच. त्यांना बाजारापुरतं स्पॅनिश येत होतं आणि मला तेही येत नव्हतं. मुलगी घरी असली तर इंग्रजीतून सांगायची, पण ती बहुतेक वेळा ड्यूटीवर असे. तरी आमचं छान जमलं. एका चतुर्थीला मी डब्यात साबुदाण्याची खिचडी घेऊन गेले. मावशींनी एक दाणा बोटांत धरून चुरला, वास घेतला, आणि त्यांचा चेहरा उजळला. साबुदाणा ज्या कंदापासून होतो, तो कंद म्हणजे त्यांच्याकडचं रोजचं अन्न, हे त्यांच्या मुलीनं मला नंतर सांगितलं. आम्ही जे उपास म्हणून खातो ते त्या जेवण म्हणून खात आल्या. त्यांनी डबा संपवला.

हे सगळं कशासाठी, हे त्यांच्या मुलीनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मावशींचा मुलगा नदीकाठच्या एका मोठ्या गावात राहायला गेला आहे. त्याची मुलगी नऊ वर्षांची. गावात सगळे स्पॅनिश बोलतात, तीही तेच बोलते. दर रविवारी दुपारी व्हिडिओ कॉल होतो. आजी फोन खिडकीशी नेऊन बर्फ दाखवते, नात आपला कुत्रा दाखवते. मग दोघी एकमेकींकडे बघून हसतात आणि फोन नातीच्या वडिलांकडे जातो. चार वर्षं असंच चाललं आहे. मावशींनी प्रोफेसरबाईंच्या कामाला हो म्हटलं ते भाषा वाचवायला नव्हे. त्यांच्या आवाजातले शब्द नातीच्या शाळेत जाणार होते आणि मग नात त्यांच्याशी बोलणार होती. नातीनं एकदा तरी आपल्या भाषेत आपल्याशी बोलावं, आणि आपण आहोत तोवर बोलावं, एवढंच त्यांना हवं होतं. नर्स हे सांगताना भांडी विसळत होती. तिला स्वतःला आईची भाषा समजते, बोलता येत नाही; आईशी ती साध्या, तोडक्या स्पॅनिशमध्ये बोलते. सहा वर्षांची असताना तिला दूरच्या निवासी शाळेत घातलं होतं.

मी मनाशी म्हटलं, काम योग्य हातात आलं आहे.

प्रोफेसरबाईंना मात्र या स्वयंपाकघरात यायला फुरसत नव्हती. त्या स्पेलिंगच्या समितीत अडकल्या होत्या. समितीत तीन पक्ष. एक जुन्या मिशनऱ्यांच्या पुस्तकांचा, त्यांनी सगळं स्पॅनिशच्या चालीनं लिहिलेलं. दुसरा पक्ष प्रोफेसरबाईंचा. त्यांच्या लिपीत घसा बंद होतो तिथे प्रश्नचिन्हासारखं काहीतरी येतं, खालचं टिंब सोडून. तिसरा पक्ष तिथल्या शाळामास्तरांचा. त्यांचं म्हणणं एकच, की जे अक्षर मोबाईलवर नाही ते आम्ही मुलांना शिकवणार नाही. मीटिंग व्हिडिओवर असायची आणि मास्तर नदीकाठच्या चढावर उभं राहून बोलायचे, कारण तिथेच नेटवर्क. एका मीटिंगला तर दीड तास एका अपॉस्ट्रॉफीवर चर्चा झाली, आणि शेवटी मास्तरांच्या फोनची बॅटरी संपली म्हणून ठराव पुढे ढकलला.

मी कोपऱ्यातल्या चौकोनात बसून हे बघत असे आणि मनात म्हणत असे, अरे, देवनागरी घ्या की. सगळं लिहिता येतं. जसं बोलतो तसं लिहितो आणि जसं लिहितो तसं बोलतो, असं आम्हाला शाळेत सांगितलं होतं आणि आम्ही कोणीच ते कधी तपासून पाहिलं नव्हतं. माझी एक वही होती, तीत मी मावशींचे सगळे शब्द देवनागरीत उतरवले होते. जागोजागी ळ. फार सुंदर दिसायची ती वही.

पहिले चाळीस शब्द झाले तेव्हा प्रोफेसरबाईंनी ते नमुना म्हणून नातीच्या शाळेला पाठवून दिले. बाकीचे पुस्तक तयार झालं की जाणार होते. आठ महिन्यांत मी सहाशेच्या वर शब्द केले. माझ्या रेकॉर्डिंगमध्ये खोकला नाही, खुर्चीचा आवाज नाही. प्रत्येक शब्द तीनदा आणि तिन्ही वेळा तंतोतंत सारखा. प्रोफेसरबाई विद्यार्थ्यांना ते ऐकवून म्हणायच्या, काम असं असावं.

मग एका रविवारी जेवण झाल्यावर सांगलीच्या मुलीनं लॅपटॉप उघडला. आधी म्हणाली, रागावणार नसाल तर दाखवते. तिचं मशीन अडलं होतं. मावशींचं एक जुनं रेकॉर्डिंग होतं. मी येण्याच्या आधी प्रोफेसरबाईंनी त्यांच्याकडून एक गोष्ट सांगवून घेतली होती, अकरा मिनिटांची. त्या गोष्टीतले शब्द आणि माझ्या रेकॉर्डिंगमधले शब्द जुळवायचं काम ती मशीनकडून करून घेत होती, आणि मशीन ऐकायला तयार नव्हतं.

“मशीन म्हणतंय या दोन डिफरंट बायका आहेत,” ती म्हणाली. “मी चेक केलं, काकू. गोष्टीत आजी एकदाही ळ म्हणत नाहीत. ळ फक्त तुमच्यासमोर म्हणतात.”

तिनं हेडफोन दिले. मी मडकं हा शब्द ऐकला, गोष्टीतला. मध्ये जिभेचा एक हलका, उडता स्पर्श होता. र नव्हता, ल नव्हता, आणि ळ तर मुळीच नव्हता. मग तोच शब्द माझ्या फाईलमधला लावला. ठणठणीत ळ. अगदी सदाशिव पेठेत शोभेल असा.

काय झालं होतं ते मला दोन मिनिटांत कळलं, कारण चूक माझ्या पद्धतीतच होती. मी कार्ड ठेवायची. मावशी सहज, हसत, कार्डाकडे बघून शब्द म्हणायच्या. मग बरोबर ऐकलं का हे बघायला मी तो म्हणून दाखवायची, खणखणीत. मग बटण दाबून खूण करायची, की आता माझ्यामागून तीनदा म्हणा. आणि मावशी तीनदा म्हणायच्या, माझ्यामागून. खरा शब्द बटण दाबायच्या आधी येऊन गेलेला असायचा. कार्डावर पक्षी आला की त्याचा आवाज हुबेहूब काढून दाखवणाऱ्या बाईला माझा ळ काय जड? सहाशे शब्द मी एका म्हाताऱ्या बाईला तिच्याच भाषेचे उच्चार शिकवत बसले होते, आणि ती मुकाट शिकत होती.

सांगलीची मुलगी चांगली आहे. ती म्हणाली, कोणाला सांगायची गरज नाही, काकू, आपण हळूहळू परत रेकॉर्ड करू, मी फाईल्स रिप्लेस करते. मला ते पटत होतं. सोन्याचा कान एकदाच मिळतो. आणि गेलेले चाळीस शब्द, ते काय, चाळीसच तर होते.

मग मला केळं आठवलं. माझी मुलगी आता सनीव्हेलला असते, चिप डिझाईन करते, आणि आमच्याशी फक्त इंग्रजी बोलते. लहानपणी ती मराठी बोलायची. नऊ वर्षांची असताना एकदा जेवताना म्हणाली, “आई, मला केला पाहिजे.” मी म्हटलं, केळं, माझ्यामागून म्हण. तिनं म्हटलं. मी म्हटलं, नाही, जीभ मागे, पुन्हा. तिनं चार वेळा म्हटलं. पाचव्या वेळी ती शांतपणे म्हणाली, “आय’ल जस्ट हॅव अ बनाना.” आणि खाल्लं. त्यानंतर तिनं घरात मराठी बोलणं बंद केलं. भांडण नाही, रुसवा नाही, फक्त बंद केलं. मी लोकांना सांगते की इथली मुलं काय, बोलत नाहीत. असं सांगताना मला दर वेळी लाज वाटते, आणि तरी मी सांगते.

दुसऱ्या दिवशी मी प्रोफेसरबाईंना सगळं सांगितलं. वाटलं होतं, त्या चिडतील. त्या उठून कपाटातून एक पुस्तक काढून आल्या आणि मधलं एक प्रकरण उघडून माझ्यासमोर ठेवलं. त्या लोकांच्यात चाल आहे, की कोणी आपल्याशी बोललं की त्याचे शेवटचे शब्द आपण परत म्हणायचे, त्यानं म्हटले तसेच. न म्हणणं म्हणजे पाठ फिरवणं. प्रकरण चाळीस पानांचं होतं आणि ते प्रोफेसरबाईंनी स्वतः लिहिलं होतं. नदीवरच्या झोपडीत घडणारी गोष्ट डब्लिनमधल्या फ्रिज आणि मायक्रोवेव्हच्या मध्ये घडू शकते, हे काही त्यांच्या डोक्यात आलं नव्हतं. त्या वर्षी त्यांनी याच विषयावर एका परिषदेत पेपर वाचला आणि त्याला म्हणे फार टाळ्या पडल्या. मी त्यात तळटीपेत आहे, ‘एक सहायक’ म्हणून.

मावशींना सांगणं जास्त कठीण होतं. मी त्यांची मुलगी घरी असेल असा दिवस बघून गेले आणि तिला म्हटलं, आईला विचार, की मी चुकत होते हे त्यांना कळत होतं का. कळत असेल तर सांगितलं का नाही. नर्सनं विचारलं. मावशींनी आधी माझे शेवटचे शब्द तिच्या तोंडून ऐकले तसे परत म्हटले, मग बऱ्याच बोलल्या. नर्सनं मला इंग्रजीत सांगितलं, ते मराठीत असं होतं.

“कळत होतं. पण चार वर्षांत या घरात येऊन माझे शब्द तोंडात घेणारी तू पहिली. बाळाचंसुद्धा तोंड आम्ही दुरुस्त करत नाही. ते बोलत राहिलं की आपोआप होतं. तू बोलत होतीस, मी उत्तर देत होते. मला वाटलं, आपण गप्पा मारतोय.”

मी पर्समधून रुमाल काढला. नर्स उगाच ओटा पुसत राहिली. मला आनंद झाला होता की मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं, हे मला तेव्हाही सांगता आलं नसतं. दोन्ही झालं होतं.

आम्ही परत सुरुवात केली. या वेळी बटण आधी दाबायचं आणि मी तोंड मिटून बसायचं. मावशींनी दोन कार्डं केली, तिसऱ्याला थांबल्या, माझ्याकडे बघितलं आणि कार्डं गोळा करून माझ्यापुढे सरकवली. त्यांना वाटलं मी रागावले. प्रोफेसरबाईंची ती जुनी गोष्ट अकरा मिनिटांतच का संपली, हे मला त्या क्षणी समजलं. गप्प बसणाऱ्या माणसाला मावशी गोष्ट सांगू शकत नाहीत. शेवटी मला सुचलं, की आपल्याकडेही गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार द्यायचा असतो, नाहीतर गोष्ट पुढे जात नाही. मावशी शब्द म्हणाल्या, मी म्हटलं, “हूं.” त्यांनी थोडा विचार केला. मग “हूं” म्हणाल्या आणि पुढचं कार्ड उचललं. हूंमध्ये मला चुकायला जागा नव्हती. तीन महिन्यांत सहाशे शब्द पुन्हा झाले, या वेळी खोकल्यासकट, खुर्चीसकट आणि सहाशे हूंसकट. आणि सबंध वेळ नुसतं ऐकत बसल्यामुळे तो मधला उडता आवाज मला आपोआप यायला लागला. घरी कपडे घड्या करताना मी तो म्हणून बघत असे. बरोबर यायचा.

नव्या फाईल्स अजून शाळेला गेलेल्या नाहीत. प्रत्येक फाईलला नाव द्यावं लागतं, नावाला स्पेलिंग लागतं आणि समितीचा अपॉस्ट्रॉफीवरचा निर्णय व्हायचा आहे. म्हणजे नातीच्या शाळेत आजही ते पहिले चाळीस शब्दच वाजतात, माझ्या ळसकट.

गेल्या महिन्यात एका रविवारी मी मावशींकडे डबा द्यायला गेले होते, तेवढ्यात कॉल आला. मी निघत होते, पण नर्सनं बसवून घेतलं. मावशींनी नेहमीप्रमाणे फोन उचलून खिडकीशी न्यायला सुरुवात केली. तेवढ्यात पलीकडून नात काहीतरी म्हणाली. मावशी जागच्या जागी उभ्या राहिल्या.

नातीनं एक मडकं कॅमेऱ्यासमोर धरलं होतं आणि मडकं हा शब्द म्हटला होता. त्यांच्या भाषेत. ळ लावून.

मावशींनी तो परत म्हटला. ळ लावून. नात हसली आणि पुढचा म्हणाली, नदी. मग कुत्रा. मग तिनं कुत्र्याला उचलून फोनसमोर आणलं. तो निथळत होता. आणि ती म्हणाली, नदी, कुत्रा. हे आमच्या कुठल्याच कार्डावर नव्हतं. ते तिनं स्वतः जोडलं होतं. मावशींनी तेही जसंच्या तसं परत म्हटलं.

त्या तीन शब्दांतल्या दोनात माझी चूक होती आणि मला ती सहन होईना. हा आवाज एकदा पोरीच्या तोंडात बसला की निघणार नाही, हे सतरा वर्षांच्या अनुभवानं मला माहीत होतं. आत्ताच सांगितलं तर एका मिनिटाचं काम. मी नर्सकडे झुकून म्हटलं, तिला सांग, तो मधला आवाज तसा नाही, मी आता बरोबर म्हणून दाखवते. नर्सनं आईला हळूच सांगितलं. मावशींनी फोनवरची नजर काढली नाही. एक हात माझ्या मनगटावर ठेवला आणि दोन-तीन शब्द बोलल्या.

“आत्ता नको म्हणते,” नर्स म्हणाली. “ती बोलते आहे म्हणते.”

मग मावशींनी फोन माझ्याकडे वळवला. नातीला काहीतरी सांगितलं, त्यात ‘मावशी’ एवढं मला कळलं. पडद्यावर दोन वेण्यांची, पुढचा एक दात पडलेली मुलगी माझ्याकडे नीट निरखून बघत होती. नवीन माणसाशी बोलायचं म्हणून तिनं मडकं पुन्हा उचललं आणि शब्द म्हटला. स्वच्छ, ठणठणीत ळ. म्हणून ती थांबली. मावशीही थांबल्या. त्यांच्याकडची चाल काय, ते मला आता प्रकरण न वाचताही ठाऊक होतं.

बरोबर उच्चार माझ्या जिभेवर तयार होता. मी जीभ मागे घेतली आणि तिनं म्हटला तसाच, ळ लावून, तो शब्द परत म्हटला. जाणूनबुजून चुकीचा उच्चार मी आयुष्यात पहिल्यांदा केला.

मुलगी हसली, आणि पुढचा शब्द बोलली.